सुरांचा धनी : कुंदनलाल सैगल

सकाळी आठाच्या सुमारास एकेकाळी आपल्या देशातील हजारो घरांत एक ठरलेला आवाज ऐकू येत असे. सिलोन रेडिओवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील नभोवाणी केंद्रावर, जुन्या चित्रपटगीतांचा एक कार्यक्रम रोज सकाळी होई आणि त्याची सांगता नेहमी एकाच गायकाच्या गाण्याने होत असे. ते गाणे सुरू झाले, की आठ वाजत आले हे घड्याळ न पाहताच कळे. शाळेला जाणारी मुले दप्तर आवरू लागत. कचेरीला निघालेली माणसे क्षणभर उंबरठ्यावर थबकत. तो गायक तेव्हा हयातही नव्हता. त्याला जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. तरी त्याच्या सुरावाचून लोकांची सकाळ पुरी होत नसे. त्या गायकाचे नाव कुंदनलाल सैगल.

सैगल यांचा जन्म 11 एप्रिल 1904 रोजी जम्मू येथे एका पंजाबी कुटुंबात झाला. त्यांचे वडील अमरचंद हे जम्मू-काश्मीर संस्थानात तहसीलदार होते. आई केसरबाई ही अत्यंत भाविक होती आणि तिला गाण्याची मनापासून आवड होती. जेथे भजन असेल, कीर्तन असेल, तेथे ती जाई आणि लहानग्या कुंदनला बरोबर नेई. आईच्या मांडीवर बसून ऐकलेली ती भजने हीच त्याची गाण्याची पहिली शाळा होय. ऐकलेली चाल त्याच्या ओठी लगेच बसे. गावात रामलीला होई, तेव्हा हा गोड गळ्याचा मुलगा सीतेचे काम करी. त्याचे गाणे ऐकून मोठी माणसेही माना डोलावीत.

परंतु वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. कुंदनचा आवाज फुटला. मुलगा वयात येऊ लागला, की त्याच्या कंठातील स्वरयंत्र वाढू लागते आणि काही काळ आवाज घोगरा व चिरका होतो. निसर्गाची ही रीतच आहे. ती प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते. पण ज्याचे सारे विश्व गाण्यात होते, त्या मुलावर जणू आकाश कोसळले. त्याने गाणे तर सोडलेच, पण कित्येक महिने तो कोणाशी धड बोलेनाही. घाबरलेल्या आईवडिलांनी त्याला जम्मूतील सलमान युसुफ नावाच्या एका सूफी साधूकडे नेले, असे त्याच्या चरित्रात सांगतात. कुंदन पूर्वीपासूनच त्यांच्याकडे भजने म्हणावयास जात असे. त्या साधुपुरुषाने मुलाला धीर दिला. काही काळ मोठ्याने गाऊ नये, गाणे मनातल्या मनात घोळवावे, एकेका सुराचे चिंतन करावे आणि कंठाला विश्रांती द्यावी, असा उपदेश त्यांनी केला. तेरा वर्षांच्या मुलाला हे व्रत सोपे नव्हते; पण कुंदनने ते निष्ठेने पाळले. पुढे तो पुन्हा गाऊ लागला, तेव्हा त्याच्या गळ्यातून एक नवा, भरदार आणि तरीही हळुवार आवाज उमटला. हाच आवाज पुढे साऱ्या हिंदुस्थानाने ऐकला.

कुंदनलालचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. लवकरच त्याने पोटापाण्याच्या उद्योगासाठी घर सोडले. रेल्वेत कामगारांच्या वेळेची नोंद ठेवण्याची नोकरी त्याने काही काळ केली. नंतर रेमिंग्टन कंपनीची टंकलेखन यंत्रे विकण्याचे काम त्याने पत्करले. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे. कोठे पंजाबी लोकगीत कानी पडे, कोठे एखादी ठुमरी, कोठे गझल. या तरुणाने कोणा थोर गवयाच्या घरी राहून वर्षानुवर्षे तालीम घेतली नव्हती. जे कानी पडेल ते टिपून घ्यावे आणि एकान्तात घोटावे, असा त्याचा अभ्यास होता. असा हिंडत हिंडत तो कलकत्त्याला पोहोचला.

ते दिवस चित्रपटसृष्टीत मोठ्या स्थित्यंतराचे होते. तोवर चित्रपट मुके होते. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रकाशित झाला आणि पडद्यावरची चित्रे बोलू व गाऊ लागली. त्या काळी एकाने गावे आणि दुसऱ्याने नुसते ओठ हलवावेत अशी सोय नव्हती. नटाला अभिनय करीत करीत स्वतःच गावे लागे. वादक मंडळी झाडाआड किंवा पडद्याआड लपून साथ करीत. त्यामुळे ज्यांना अभिनय येतो आणि गाताही येते, अशा माणसांचा शोध सर्वत्र चालू होता. आपल्याकडे पुण्याच्या ‘प्रभात’ कंपनीने 1936 साली ‘संत तुकाराम’ काढला, त्यात विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली आणि अभंगही स्वतःच गाइले, ते याच रीतीने.

कलकत्त्यास बीरेंद्रनाथ सरकार यांनी 1931 साली ‘न्यू थिएटर्स’ ही संस्था स्थापन केली होती. तिचे संगीत दिग्दर्शक रायचंद बोराल यांच्या कानी सैगल यांचा आवाज पडला आणि संस्थेने त्यांना दरमहा 200 रुपये वेतनावर ठेवून घेतले. 1932 साली त्यांचे तीन चित्रपट निघाले. परंतु ते तिन्ही लोकांच्या पसंतीस उतरले नाहीत. एखादा दुसरा असता, तर निराश होऊन पुन्हा विक्रीच्या धंद्याकडे वळला असता. सैगल टिकून राहिले. 1933 साली ‘पूरन भगत’ या चित्रपटात त्यांनी काही भजने म्हटली आणि एकाएकी त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ऐकलेल्या भजनांचे ऋण अशा रीतीने फळाला आले.

सैगल यांच्या गाण्यात एवढे विशेष काय होते? त्या काळचे बहुतेक गायक-नट रंगभूमीवर वाढलेले होते. नाटकगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून उंच स्वरात, जोरकसपणे गाण्याची त्यांना सवय होती. सैगल यांनी एक साधी गोष्ट ओळखली. मायक्रोफोन हे यंत्र हलकी कुजबुजही टिपते. मग ओरडावयाचे कशाला? ते खालच्या पट्टीत, शांतपणे, जवळ बसलेल्या मित्राशी बोलावे तसे गात. शब्दांचा उच्चार स्वच्छ असे. तानांचा पाऊस ते पाडीत नसत; एकेक स्वर मात्र नेमका लागे आणि शब्दातील दुःख किंवा आनंद ऐकणाऱ्याच्या मनात अलगद उतरे. आपल्या एकट्यासाठीच हा माणूस गात आहे, असे प्रत्येकास वाटे. चित्रपटगीत कसे गावे, याचा पाठच त्यांनी पुढच्या गायकांना घालून दिला.

1935 सालच्या ‘देवदास’ या चित्रपटाने त्यांच्या कीर्तीवर कळस चढविला. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबरीवरून प्रमथेश बरुआ यांनी हा चित्रपट तयार केला होता. मनाने खचलेला आणि मद्याच्या आहारी जाऊन आपल्या आयुष्याची धूळधाण करून घेणारा तरुण सैगल यांनी असा रंगविला, की प्रेक्षकांच्या डोळ्यांना धारा लागत. या चित्रपटात त्यांनी एक ठुमरी म्हटली आहे. ती मूळची किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनी लोकप्रिय केलेली. खाँसाहेब तेव्हा आपल्या मिरजेस राहत असत. सैगल यांच्या तोंडून ती ऐकून ते प्रसन्न झाले, असे सांगतात. ज्याने रीतसर तालीम घेतली नाही, त्याच्या सच्च्या सुराला एका तपस्वी गवयाने दिलेली ती दादच होती.

कीर्ती मिळाली तरी सैगल यांचा विद्यार्थिपणा सुटला नाही. ते पंजाबी, राहावयाचे कलकत्त्यास. तेव्हा बंगाली भाषा चांगली शिकावी, असे त्यांनी मनावर घेतले. त्यांनी सात बंगाली चित्रपटांत भूमिका केल्या. रवींद्रनाथ ठाकुरांच्या गीतांविषयी बंगाली माणूस फार जागरूक असतो. उच्चारात यत्किंचितही चूक झालेली त्याला खपत नाही. सैगल यांचे गाणे स्वतः ऐकून रवींद्रनाथांनी त्यांना आपली गीते गाण्यास संमती दिली, असे सांगतात. बंगाली नसलेल्या गायकाला असा मान मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

1938 साली ‘स्ट्रीट सिंगर’ हा चित्रपट निघाला. तोपर्यंत पार्श्वगायनाची सोय झाली होती. गाणे आधी ध्वनिमुद्रित करून मग चित्रीकरण करता येत असे. न्यू थिएटर्सनेच 1935 मध्ये ही रीत आणली होती. या चित्रपटात सैगल यांना रस्त्याने भटकत गाणाऱ्या गायकाची भूमिका होती आणि भैरवीतील एक प्रसिद्ध ठुमरी गावयाची होती. लखनौचे नवाब वाजिद अली शाह यांना आपले राज्य सोडून जावे लागले, त्या वेळच्या व्यथेशी ही ठुमरी जोडली जाते. ती आधी मुद्रित करून नंतर ओठ हलविणे सैगल यांना रुचेना. चालता चालताच ती गाण्याचा त्यांनी आग्रह धरला. अखेर कॅमेरा, मायक्रोफोन आणि वादक हे सारे त्यांच्याबरोबर पुढे सरकत राहिले आणि सैगल चालता चालता गात राहिले. एका पावलाची किंवा एका स्वराची चूक झाली असती, तर सारे पुन्हा करावे लागले असते. ते गाणे आज इतक्या वर्षांनंतरही ऐकणाऱ्याला हेलावून सोडते.

1941 च्या अखेरीस सैगल मुंबईस आले. येथे ‘रणजित’ या संस्थेच्या ‘भक्त सूरदास’ (1942) आणि ‘तानसेन’ (1943) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. अंध संतकवी आणि अकबराच्या दरबारातील गायनसम्राट ही दोन्ही कामे जणू त्यांच्यासाठीच निर्माण झाली होती. पैसा आणि मानसन्मान यांची आता ददात नव्हती. परंतु याच काळात एक शत्रू त्यांच्या घरात ठाण मांडून बसला होता. तो शत्रू म्हणजे मद्य. हे व्यसन हळूहळू वाढत गेले आणि घोट घेतल्यावाचून आपल्याला गाताच येणार नाही, असा त्यांचा ठाम समज झाला.

‘शाहजहान’ (1946) या चित्रपटाच्या वेळची एक हकीकत संगीत दिग्दर्शक नौशाद सांगत असत. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सैगल यांना मद्य हवे होते. वयाने लहान असलेल्या नौशादांनी त्यांना विनंती केली, की एकदा न घेता गावे आणि मग घेऊन पुन्हा गावे. सैगल यांनी ते मान्य केले. नंतर दोन्ही मुद्रणे त्यांना ऐकविण्यात आली. न घेता गाइलेले गाणेच अधिक चांगले आहे, हे त्यांनी स्वतः प्रांजळपणे कबूल केले. असा सल्ला देणारा माणूस आपल्याला आधी भेटावयास हवा होता, अशी हळहळही त्यांनी व्यक्त केली. पण आता फार उशीर झाला होता. देह आतून पोखरला होता. तेराव्या वर्षी ज्या मुलाने मन घट्ट करून गाण्यावरही संयम ठेवला होता, त्याच मुलाला मोठेपणी मद्याच्या पेल्यावर संयम ठेवता आला नाही, ही केवढी दुःखाची गोष्ट! पडद्यावर रंगविलेल्या देवदासाचे दुर्दैव त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही उतरले.

प्रकृती ढासळल्यावर सैगल जालंधरला परतले. तेथे 18 जानेवारी 1947 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे 42 वर्षांचे. देश स्वतंत्र होण्यास सातच महिने उरले होते. त्यांचा ‘परवाना’ हा चित्रपट त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी 36 चित्रपटांत कामे केली आणि सुमारे 185 गाणी मागे ठेवली. आकड्याने पाहिले, तर ही गाणी फार नव्हेत. परंतु मुकेश, किशोरकुमार आणि त्यांच्यासारखे कितीतरी गायक ती ऐकतच मोठे झाले.

लता मंगेशकर लहानपणापासून सैगल यांच्या भक्त होत्या. आपल्या कमाईतून त्यांनी हौसेने एक रेडिओ घरी आणला. तो सुरू करताच सैगल गेल्याची बातमी कानी पडली. ते ऐकून त्यांना इतके दुःख झाले, की तो रेडिओ त्यांनी दुकानदाराला परत करून टाकला, असे त्या सांगत असत. भारत सरकारने 1995 साली सैगल यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

निसर्गाने दिलेले देणे कितीही मोठे असले, तरी त्याची राखण ज्याची त्यानेच करावयाची असते. सैगल यांनी ते एकदा जिवापाड राखले, म्हणून आपल्याला हा सूर मिळाला. पुढे ते राखले गेले नाही, म्हणून तो अकाली थांबला. त्यांची तबकडी ऐकताना जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर आधी ऐकू येते. क्षणभर थांबावे. मग त्या खरखरीतून एक शांत आवाज वर येतो आणि अगदी शेजारी बसून कोणी गात आहे, असे वाटू लागते.