न्यायमूर्ति होम्स आणि नावडत्या मताचें स्वातंत्र्य

वर्गांत वादविवाद चालला असतां एखाद्याचें मत मनास झोंबलें, म्हणजे त्यास ताबडतोब खालीं बसवावें असें प्रथम वाटतें. हा मोह शिक्षकास होतो, तसा न्यायाधीशासही होतो. तो ओळखून आपलें मत सुधारणाऱ्या एका न्यायाधीशाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा जन्म ता. ८ मार्च १८४१ रोजीं अमेरिकेंत बोस्टन शहरीं झाला. वडील डॉक्टर असून कविही होते. १८६१ सालीं हार्वर्डची पदवी मिळवून होम्स उत्तरेच्या सैन्यांत शिरले व यादवी युद्धांत तीन वेळां जखमी झाले. पुढें त्यांनीं कायद्याचा व्यासंग केला, वीस वर्षें मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायासनावर काढलीं व १९०२ सालीं ते सर्वोच्च न्यायालयांत आले.

अमेरिकेच्या घटनेंतील १७९१ सालची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा करण्यास मनाई करते. तथापि १९१७ सालीं महायुद्धांत उतरतांच सरकारनें हेरगिरीचा कायदा केला आणि युद्धास विरोध करणारे तुरुंगांत पडूं लागले. मार्च १९१९ मध्यें सैन्यभरतीविरुद्ध पत्रकें काढणाऱ्या शेंक यांची शिक्षा होम्स यांनींच कायम केली. शब्दांपासून उघड व निकटचा धोका उद्भवत असेल तर ते दंडनीय होत, अशी कसोटी त्यांनीं घातली. आठवड्याभरानें समाजवादी पुढारी डेब्स यांस एका भाषणाबद्दल झालेली दहा वर्षांची शिक्षाही त्यांनीं उचलून धरली.

कित्येक विद्वानांस हें पटलें नाहीं. होम्स यांनीं त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, वाचन केलें, विचार केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अब्रॅम्स खटला आला. रशियांत अमेरिकन सैन्य पाठविल्याचा निषेध करणारीं पत्रकें न्यूयॉर्कमध्यें वाटल्याबद्दल तिघां तरुणांस वीस आणि एका तरुणीस पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. बहुमतानें ती कायम झाली. परंतु ७८ वर्षांच्या होम्स यांनीं ब्रँडाइस यांच्यासह विरुद्ध मत नोंदविलें. सत्याची पारख मतांच्या मोकळ्या चढाओढींतच होते, आणि संकट अगदीं दाराशीं आल्यावांचून सरकारनें कोणाचें तोंड बंद करूं नये, असा त्याचा आशय होता.

त्यांचे दोष आम्ही झांकीत नाहीं. १९२७ सालीं मतिमंद ठरविलेल्या एका स्त्रीची सक्तीनें नसबंदी करण्यास त्यांनीं मान्यता दिली, हा त्यांच्या कीर्तीवरील डाग होय.

ता. ६ मार्च १९३५ रोजीं ते वारले. त्यांचें विरुद्ध मत मात्र वाढत गेलें. १९६९ सालीं वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्याच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, तात्काळ बेकायदा कृत्य घडविण्याचा हेतु व तें घडण्याचा संभव हीं दोन्हीं असल्यावांचून चिथावणीच्या शब्दांस शिक्षा नाहीं. भारताच्या घटनेनें निराळी वाट धरिली. कलम १९ भाषणस्वातंत्र्य देतें. पण सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादि कारणांसाठीं वाजवी निर्बंधही मान्य करतें, आणि समाजासमाजांत वैर पेटविणें हा आपल्याकडे गुन्हा आहे. द्वेषाचे शब्द प्रथम दुबळ्यांसच भाजतात, हें आपण जाणतों.

तरीही होम्स यांचा धडा दोहोंकडे लागू आहे. मनास झोंबणें निराळें आणि घरास आग लागणें निराळें. हा भेद ज्यास कळला, त्यास दुसऱ्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेतां येईल. आणि प्रसंगीं आपलीच चूक कबूल करण्यास तो ७८ व्या वर्षींही कचरणार नाहीं.