मनात घोळणारा एकच विचार

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु चिंतेपायी त्यांच्याही मनात जीव देण्याचा विचार आला होता, हे आपण क्वचितच आठवतो.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. त्या दुखण्यातच त्यांचे मन पालटले. १५२२ साली मोन्सेरात येथे त्यांनी तीन दिवस जन्मभराचे पापनिवेदन केले. तरीही मानरेसा गावी शंका छळू लागली: काही सांगायचे राहिले तर नसेल? पुन्हा सांगूनही समाधान होईना. आठवडाभर त्यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. शेवटी धर्मगुरूंच्या आज्ञेने उपवास सोडला.

पुढे त्यांच्या ध्यानात आले की, एक पाप आठवले की दुसरे, मग तिसरे, अशी साखळीच लागते आणि ती देवाकडे नव्हे, निराशेकडे नेते. जुनी पापे पुन्हा न सांगण्याचा त्यांनी निश्चय केला आणि ते मुक्त झाले. १५४८ साली छापलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात अशा शंकांविषयी सूचना आहेत.

बंधुभगिनींनो, क्षमा झालेले पाप उकरत बसणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. असा विचार पाठ सोडत नसेल, तर एकट्याने सोसू नये. घरच्यांशी, धर्मगुरूंशी, डॉक्टरांशी आपण मोकळेपणाने बोलू या.