लक्ष्मीबाई टिळक : घरात जगलेला धर्म

फैजपूर म्हटले की १९३६ साल आठवते. त्या वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आमच्या गावी झाले आणि पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो आहोत. परंतु त्याच वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्राची एक थोर लेखिका काळाच्या पडद्याआड गेली, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. त्या म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. मायला वाचता येत नाही. मागच्या वर्षी ग्रंथालयातून 'स्मृतिचित्रे' घरी नेले, तेव्हा ती म्हणाली, मोठ्याने वाच. मग रोज रात्री भांडी घासून झाली की मी वाचायची आणि माय व आजी ऐकायच्या. आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या घरी एकादशी आणि तुळशीची माळ. तरीही या ख्रिस्ती बाईंची गोष्ट आमच्या चुलीपर्यंत कशी येऊन पोहोचली, तेच मला वाचकांना सांगायचे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घरात घ्यायचे, इतका विटाळाचा धसका! अशा घरात ही मुलगी वाढली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले.

टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी. मन लोण्याचे, पण स्वभाव तापट. हातात पैसा आला की तो गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. घरात काय शिजणार, याची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची! बायकोला लिहायला-वाचायला मात्र त्यांनीच शिकवले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात त्यांना एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबलमधील नवा करार दिला. तो वाचून आणि पुष्कळ विचार करून त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ही बातमी लक्ष्मीबाईंवर वीज पडावी तशी पडली. पदरात चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांचे बोलणे वेगळेच! पुढची काही वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्यातली काही पंढरपुरात गेली. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही आणि बायकोवर धर्मासाठी जबरदस्तीही केली नाही. ते वाट पाहत राहिले.

शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला नवऱ्याजवळ गेल्या. पण सोवळे बरोबर घेऊन! आपले पाणी आपण भरायचे, आपले अन्न आपण वेगळे शिजवायचे, कोणाच्या हातचे घ्यायचे नाही. नगरच्या मंडळीत बहुतेक माणसे महार-मांग समाजातून आलेली होती. टिळक त्यांच्यात बसत, उठत, जेवत. लक्ष्मीबाई लांबून पाहत.

पुढे एक दिवस त्यांच्या मनात विचार आला, की देवाने माणूस केला, पण जाती त्याने केल्या नाहीत. त्या माणसांनीच पाडल्या. मग आपण हे ओझे कोणासाठी वाहतो? एकदा हे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. मला यात फार अर्थ वाटतो. आधी पाणी आणि मग बाप्तिस्मा! म्हणजे नवा धर्म प्रथम त्यांच्या स्वयंपाकघरात आला, देवळात नंतर गेला.

एकदा मंडळीत आल्यावर मात्र त्यांनी हातचे राखून काही ठेवले नाही. ज्यांची सावली माहेरी चालली नसती, त्यांच्या सुखदुःखात त्या घरच्यासारख्या वावरल्या. दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांनी आपल्या घरी वाढवली. आपल्याच घरी चणचण असताना! टिळकांनी मंडळीसाठी मराठी भजने रचली, कीर्तने केली. परक्या चालींऐवजी आपल्या मातीतल्या चालीवर देवाचे नाव घ्यावे, अशी त्यांची ओढ होती. पुढे लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहिल्या.

आपल्या खानदेशाशीही या घराचे नाते आहे. धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे हा मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ठरला. पुढे तो नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले, आणि तो हिंदूच राहिला. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. भुसावळहून जळगावला जाताना ते स्टेशन लागते. आता गाडीतून भादली दिसले की मला त्या माउलीचे दुःख आठवते. पाठोपाठ, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

लक्ष्मीबाई खचल्या नाहीत. टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोड्याच अध्यायांवर अडले होते. शाळेत न गेलेल्या या बाईंनी त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घालून ते पुरे केले. १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला. बोलावे तसे लिहिलेले आणि स्वतःलाच हसणारे असे हे पुस्तक आहे.

आता आमच्या घरचे सांगते. आमच्याकडे केळी कापायला मजूर येतात. त्यांच्यासाठी ओट्याच्या कोनाड्यात जर्मनचा एक वेगळा पेला असे. तो कोणी घरात नेत नसे. मी जन्मापासून तो पाहिला, पण तो दिसला नाही! लक्ष्मीबाईंच्या पाण्याची गोष्ट वाचली त्या रात्री माय काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी कामावरच्या एका बाईने पाणी मागितले, तेव्हा मी घरातल्या स्टीलच्या पेल्यात दिले. आजी रागावली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माय मात्र तोच पेला विसळून मांडणीवर लावताना मी पाहिली.

यात मी फार मोठे काही केले, असे मुळीच नाही. जर्मनचा पेला अजून कोनाड्यात आहे आणि मी कॉलेजात असते तेव्हा तो बाहेर निघतही असेल. लक्ष्मीबाईंनाही काही वर्षे लागली. आजीला किती लागतील कोण जाणे! पण परवा तीच म्हणाली, त्या बाईचे पुस्तक पुन्हा आण, मधले मी झोपेत ऐकले.

देव कोणत्या नावाने हाक मारल्यावर ओ देतो, हे थोरामोठ्यांनी ठरवावे. मला लक्ष्मीबाईंकडून एवढेच कळले, की रविवारी प्रार्थनेला एका रांगेत बसणे सोपे आहे. सोमवारी एका पेल्यात पाणी पिणे अवघड आहे. त्यांनी ते अवघड काम आयुष्यभर केले. म्हणून त्यांना माझा नमस्कार!