खताची एजन्सी सोडून वाडीत रमलेले भास्कर सावे

वसई : आपल्याकडे भाजीवर मारायच्या विषाला सगळे 'औषध'च म्हणतात. वांग्याला औषध मारलं, भेंडीला उद्या मारायचंय, असं सहज बोललं जातं. ही सवय काही आजची नाही, साठ-सत्तर वर्षांपूर्वी ती आपल्या किनाऱ्यावर आली. त्या काळात आधी रासायनिक शेतीत अगदी पुढे असलेला आणि मग तिच्याकडे पाठ फिरवलेला एक शेतकरी आपल्याच मुलखात होऊन गेला. त्याचं नाव भास्कर हिराजी सावे. देशभर त्यांना नैसर्गिक शेतीतले गांधी म्हणून ओळखतात. वसई-विरारमध्ये मात्र आजही कितीतरी जणांनी हे नाव ऐकलेलं नाही.

सावे यांचा जन्म २७ जानेवारी १९२२ चा, उंबरगाव तालुक्यातल्या देहेरी गावचा. उंबरगाव गुजरातमध्ये आहे, मग ते आपले कसे, असं कुणी विचारेल. तर तेव्हा हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे वसई, पालघर, डहाणू ज्या जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यात. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि रेघ मध्ये पडली. सावे वाडवळ कुटुंबातले. विरार-आगाशीपासून केळवे-माहीम, चिंचणीपर्यंत वाडवळांच्या वाड्या कशा असतात हे इथल्या वाचकाला सांगायला नको. नारळ, केळी, पानवेल, विहीर, आणि पोरांनी शाळा सुटल्यावर वाडीत राबायचं. सावे तसेच वाढले. घरी भातशेतीही होती.

सातवी शिकून ते प्राथमिक शिक्षक झाले आणि सुमारे दहा वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं. त्याच सुमारास, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, रासायनिक खतं नव्याने गावात येत होती. सावे हुशार आणि धडपडे. त्यांनी ती वापरली, पीक जोरात आलं. मग खताची एजन्सीच मिळाली. गोणीमागे कमिशन मिळू लागलं आणि परिसरात आदर्श शेतकरी म्हणून नाव झालं. लोक त्यांचं शेत बघायला यायचे.

इथून पुढचं आयुष्य महत्त्वाचं. कारण धंदा तोट्यात गेला म्हणून खत सोडणारे पुष्कळ भेटतील, कमिशन सुरू असताना एजन्सी सोडणारा विरळाच. सावे हिशेब ठेवायचे. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की तेवढंच पीक काढायला दरवर्षी जास्त खत लागतंय, खर्च वाढतोय आणि जमीन मात्र कडक होत चाललीय. गांधी आणि विनोबांचे विचार मनात होतेच. जंगलाला कोण नांगरतं, कोण खत घालतं, कोण फवारतं, आणि तरी तिथली झाडं फळांनी कशी लगडतात, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९५० चं दशक संपता संपता त्यांनी रसायनं बंद करायला घेतली. उत्पन्न सुरुवातीला घसरलं. पण खर्च त्याहून जास्त उतरला.

देहेरीजवळ त्यांनी उभी केलेली वाडी म्हणजे 'कल्पवृक्ष'. सुमारे चौदा एकर. त्यातली दहाएक एकर फळबाग, मुख्यतः नारळ आणि चिकू, मध्ये इतर झाडं. थोड्या जमिनीत भात, कडधान्य, भाजी, आणि उरलेल्या भागात नारळाची रोपवाटिका. लागवडीत त्यांनी झाडांची वयं जुळवली. लवकर संपणारी कडधान्यं आणि वेल आधी, मग केळी-पपईसारखी मधल्या आयुष्याची, आणि त्यांच्या सावलीत नारळ-चिकू वाढायचे. मोठी झाडं फळाला येईपर्यंत घर चालवायला बाकीची असायची. पाणी खोडाला नाही, लांबच्या चरात. मुळं पाण्याच्या शोधात पसरतात, बुंधा कुजत नाही आणि पाणीही वाचतं.

पातेरा मात्र ते कधी जाळू देत नसत. झाडाचं फळ आपण खातो तो झाडाचा अगदी थोडा हिस्सा, बाकीचं पान-काडी मातीचं आहे, ते मातीला परत गेलंच पाहिजे, हा त्यांच्या सगळ्या शेतीचा पाया. वाडीत पाऊल टाकलं की ते मऊ मातीत रुतायचं, खाली गांडुळं. किडीबद्दल त्यांचं गणित साधं होतं. एक कीड दिसली म्हणून विष मारलं तर तिला खाणारे कोळी, मुंग्या, बेडूक, पक्षी आधी मरतात आणि कीड पुन्हा येते, तेव्हा तिला अडवायला कुणी नसतं.

जपानचे नैसर्गिक शेतीचे जाणकार मासानोबू फुकुओका १९९० च्या दशकात ही वाडी बघायला आले आणि आपल्या शेतापेक्षाही हिला वरचा मान देऊन गेले. २०१० साली 'आयफोम' या जागतिक सेंद्रिय शेती संघटनेने सावे यांचा जीवनगौरव केला.

२००६ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांच्या वयात, त्यांनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष एम. एस. स्वामीनाथन यांना खुलं पत्र लिहिलं. हरितक्रांतीने माती, पाणी आणि शेतकरी तिघांनाही कर्जात टाकलं, असा त्याचा सूर होता. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतल्या सिएटल भागातला एक अभ्यास छापून आला. २३ शाळकरी मुलांचं नेहमीचं खाणं पाच दिवस बदलून त्यांना सेंद्रिय फळं, भाज्या, धान्य दिलं. मुलांच्या लघवीतले मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकांचे अंश लगेच जवळजवळ दिसेनासे झाले, आणि जुनं खाणं सुरू होताच परत दिसू लागले. ती मुलं आजारी होती असं नाही. पण विष पोटात जातं ते मुख्यतः ताटातून आणि ते थांबवता येतं, एवढं त्यातून कळलं. सावे आयुष्यभर मातीबद्दल जे सांगत होते ते इथे पोरांच्या पोटाबद्दल निघालं.

मुलांचा प्रश्न वेगळा का, तर लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्यापेक्षा जास्त खातं-पितं. त्याचा मेंदू घडत असतो. आणि ते जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं. फवारणी करून आलेल्या बापाच्या अंगाला मूल आधी बिलगतं, कपडे धुवायला नंतर जातात.

आता स्पष्टच बोलायचं तर आपल्याकडे बरेच जण बाजारासाठी एक वाफा आणि घरासाठी बिनफवारणीचा दुसरा वाफा ठेवतात. म्हणजे कळतं सगळ्यांना. पण आपलं मूल शेजारच्याच्या शेतातली भाजीही खातं, आणि शेजाऱ्याचं मूल आपल्या शेतातली.

सावेंचं सगळं जसंच्या तसं वसईत जमेल, असं मात्र नाही. नारळ-चिकूची जुनी बाग आणि दोन गुंठ्यांतला फ्लॉवर यांत फरक आहे. बाग स्वतःला सांभाळते, फ्लॉवरला अळी एका आठवड्यात खाते. शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्याने आपल्याकडे येतो तो वेगळाच. ज्याचं घर भाजीवर चालतं त्याने एका वर्षात सगळं बंद करावं, असं सांगणं बेजबाबदारपणाचं. परसातून सुरुवात मात्र कुणालाही जमते. लाल माठ, पालक, मेथी, भेंडी, मिरची, वांगी, म्हणजे मुलांच्या ताटात रोज येणारं आणि बाहेर बऱ्याचदा फवारलेलं मिळणारं. खाली पातेऱ्याचं आच्छादन, वर गोमूत्र पातळ करून शिंपडणं, सोबत चवळी किंवा झेंडू.

विकत आणलेली भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावीच, पण काही औषधं झाडाच्या आत भिनतात, ती धुऊन जात नाहीत. म्हणून फवारणी आणि तोडणी यांमध्ये डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ देणं हे विकणाऱ्याच्या हातात आहे. डब्यावरचा त्रिकोण बघायचा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि रिकामा डबा घरात कशालाही नको. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं, आणि हे औषध भाज्यांवर वापरायला तेव्हाही बंदी होती.

भास्कर सावे २४ ऑक्टोबर २०१५ रोजी गेले, वय ९३. हयातीत ते शनिवारी दुपारी वाडी बघायला येणाऱ्यांना स्वतः फिरवायचे आणि आधी माती हातात घ्यायला लावायचे. विरारहून डहाणू, पुढे घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव रोड स्टेशन. तिथून देहेरी जवळच आहे.