अलेक्झांडर फ्लेमिंग

सर अलेक्झांडर फ्लेमिंग (६ ऑगस्ट, १८८१ – ११ मार्च, १९५५) हे स्कॉटिश वैद्यक व जीवाणुशास्त्रज्ञ होते. पेनिसिलिन या प्रतिजैविकाच्या शोधासाठी ते ओळखले जातात. या शोधाबद्दल त्यांना हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांच्यासमवेत १९४५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोणता जीवाणू औषधाला दाद देतो आणि कोणता देत नाही, हे तपासण्याची एक आरंभीची पद्धत त्यांनी वापरली. औषधाच्या गैरवापरामुळे जीवाणूंमध्ये प्रतिरोध निर्माण होईल, असा इशाराही त्यांनी दिला होता.

प्रारंभिक जीवन

फ्लेमिंग यांचा जन्म स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड येथे शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. पुढे ते लंडनला आले व चार वर्षे एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरीस होते. एका काकांकडून वारसाहक्काने मिळालेल्या पैशामुळे त्यांना १९०३ साली सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेता आला. १९०६ साली पदवी मिळाल्यावर ते तेथेच आल्मरॉथ राइट यांच्या विभागात संशोधन करू लागले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समधील बुलोन येथील लष्करी प्रयोगशाळेत काम केले. खोल जखमांवर वापरली जाणारी जंतुनाशके तळाशी असलेल्या जीवाणूंपर्यंत पोहोचत नाहीत, उलट रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नष्ट करतात, असे त्यांनी दाखवून दिले. शरीराला इजा न करता केवळ जीवाणूंना मारणाऱ्या पदार्थाचा शोध हा त्यांच्या पुढील कार्याचा विषय ठरला. १९२१ साली त्यांना नाकातील स्रावात लायसोझाइम हे विकर आढळले. मात्र गंभीर रोग उत्पन्न करणाऱ्या बहुतेक जीवाणूंवर त्याचा प्रभाव पडत नव्हता.

पेनिसिलिन व संवेदनशीलतेची चाचणी

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर स्टॅफिलोकोकस जीवाणू वाढवलेल्या एका काचबशीत त्यांना बुरशी आढळली. बुरशीच्या भोवतालचे जीवाणू विरघळून गेले होते. बुरशीतून स्रवणाऱ्या या द्रव्याला त्यांनी १९२९ साली पेनिसिलिन हे नाव दिले.

हे द्रव्य कोणत्या जीवाणूंवर परिणाम करते, हे पाहण्यासाठी त्यांनी अगरच्या थरात एक चर कापून त्यात पेनिसिलिनयुक्त अगर भरले आणि चराच्या काठापासून काटकोनात निरनिराळ्या जीवाणूंच्या रेघा ओढल्या. संवेदनशील जीवाणूंची वाढ चरापासून दूरच थांबे, तर इतर जीवाणू काठापर्यंत वाढत. न्यूमोनिया व घटसर्पाचे जीवाणू पहिल्या प्रकारात, तर विषमज्वराचे जीवाणू दुसऱ्या प्रकारात मोडत होते.

पेनिसिलिन शुद्ध स्वरूपात वेगळे करणे फ्लेमिंग यांना जमले नाही. ते कार्य १९४० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन, नॉर्मन हीटली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९४२ साली मेंदूच्या आवरणाच्या दाहाने अत्यवस्थ झालेल्या एका परिचिताच्या शरीरातील स्ट्रेप्टोकोकस जीवाणू फ्लेमिंग यांनी वेगळा केला. सल्फा औषधांचा उपयोग होत नव्हता. प्रयोगशाळेतील चाचणीत मात्र हा जीवाणू पेनिसिलिनला दाद देत असल्याचे दिसले. फ्लोरी यांच्याकडून मिळालेले पेनिसिलिन दिल्यावर रुग्ण बरा झाला.

प्रतिरोधाविषयीचा इशारा

पेनिसिलिन निष्प्रभ करणारे विकर काही जीवाणू तयार करतात, हे एडवर्ड अब्राहम व चेन यांनी १९४० मध्येच नोंदवले होते. डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेचा धोका स्पष्ट केला. त्यांच्या काल्पनिक उदाहरणात घसा दुखणारा एक मनुष्य थोडेसे पेनिसिलिन घेतो. त्याच्या शरीरातील जीवाणू मरत नाहीत, तर प्रतिरोधक बनतात. त्यांचा संसर्ग होऊन त्याच्या पत्नीला न्यूमोनिया होतो आणि औषध निरुपयोगी ठरल्याने ती दगावते. काही वर्षांतच हा धोका प्रत्यक्षात आला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील एका रुग्णालयात प्रतिरोधक स्टॅफिलोकोकसचे प्रमाण झपाट्याने वाढत असल्याचे मेरी बार्बर यांनी दाखवून दिले.

मृत्यू व वारसा

फ्लेमिंग यांना १९४४ साली सर हा किताब मिळाला. १९५५ साली लंडन येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आहेत.

जीवाणू वाढवून औषधाची परीक्षा करण्याचे तत्त्व आजही प्रयोगशाळांमध्ये वापरले जाते. परंतु त्याचा निष्कर्ष हाती येण्यास साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. तोपर्यंत डॉक्टरांना अनेकदा अंदाजाने औषध द्यावे लागते व त्यातून प्रतिरोधाला चालना मिळते. ही अडचण दूर करण्यासाठी ब्रिटनमध्ये २०१४ साली लॉन्जिट्यूड पारितोषिकाची घोषणा झाली. २०२४ साली ८० लाख पौंडांचे हे पारितोषिक स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका छोट्या यंत्राला मिळाले. मूत्रमार्गाच्या संसर्गात रुग्णाच्या लघवीतील जीवाणू कोणत्या प्रतिजैविकाने रोखले जातात, हे ते दवाखान्यातच सुमारे ४५ मिनिटांत दाखवते. फ्लेमिंग यांच्या काचबशीप्रमाणे येथेही औषधाच्या सान्निध्यात जीवाणूंची वाढ थांबते की नाही हेच पाहिले जाते. फक्त ही वाढ सूक्ष्म नलिकांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मोजली जाते.