न्यायमूर्ति रानडे यांचें अर्थशास्त्र

अर्थशास्त्र हें कॉलेजांतील मुलांनीं परीक्षेपुरतें घोकावयाचें शास्त्र आहे, दुकानाच्या गादीवर बसणारास त्याचें काय, असा समज आमच्या फैजपुरासारख्या व्यापारी गांवांत अजून पुष्कळांचा आहे. हा समज खोटा ठरविण्यांत ज्यांचें आयुष्य खर्चीं पडलें, ते कै. महादेव गोविंद रानडे समाजसुधारक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या अर्थशास्त्राविषयीं मात्र क्वचितच कोणी बोलतो. म्हणून आज त्याच अंगानें आम्ही त्यांच्याकडे पाहतों.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. बालपण कोल्हापुरांत गेलें, उच्च शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. १८७१ त न्यायखात्यांत पुण्यास येतांच सार्वजनिक सभेचे ते खरे सूत्रधार झाले. १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेनें ठिकठिकाणीं माणसें पाठवून रयतेच्या स्थितीची माहिती जमविली, आणि १८७८ पासून सभेचें त्रैमासिक निघूं लागलें. आम्हांस विचाराल तर आपल्याकडील अर्थशास्त्रीय संशोधनाचा पाया ग्रंथालयांत नव्हे, असल्या चौकशांत घातला गेला.

सरकारास हा उद्योग रुचला नाहीं. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमींत, १८७९ सालीं, रानड्यांची बदली धुळ्यास झाली. तेथें त्यांचें टपालही फोडून पाहिलें जाई. खानदेश तेव्हां एकच जिल्हा होता व फैजपूरही त्यांतच मोडे. संशयाचे ते दिवस त्यांनीं शांतपणें काढले. त्याच वर्षीं दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जांतून सोडविण्याचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर एवढ्याच जिल्ह्यांस लागू होता, खानदेशास नव्हता. पुढें त्याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश होऊन रानड्यांनीं सावकार व कुळें यांचे व्यवहार वर्षानुवर्षें जवळून पाहिले.

ह्या अनुभवाचें सार १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत आलें. इंग्रज पंडितांचे सिद्धांत सर्व देशांस सारखेच लागू पडतात, हें त्यांनीं नाकारलें. प्रत्येक मनुष्य केवळ स्वतःचा लाभ पाहतो, मजूर व भांडवल नफा दिसेल तेथें धांवतात, चढाओढीनें भाव ठरतात, असें तें शास्त्र गृहीत धरी. पण येथें मनुष्यापेक्षां कुटुंब व जात बलवान्, करारापेक्षां रूढि बलवान्. मजूर गांव सोडीत नाहीं आणि पैसा जमिनीखालीं पुरला जातो! लिस्टप्रभृति जर्मन पंडितांच्या आधारें रानड्यांनीं सांगितलें कीं, अर्थशास्त्राचा अभ्यास त्या त्या राष्ट्राच्या इतिहासासह झाला पाहिजे, आणि मागासलेल्या देशांत उद्योगांस सरकारनें हात दिला पाहिजे. कारागिरी बुडून सारा देश शेतीवर येऊन पडत आहे, ही त्यांची मोठी चिंता होती. फैजपूरचें छापील कापड आणि येथील निळा व तांबडा रंग एके काळीं नांवाजलेले होते, हें ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेल त्यांस ही चिंता निराळी समजावून द्यावयास नको.

दादाभाई नौरोजींप्रमाणें विलायतेस जाणाऱ्या पैशावरच त्यांनीं सर्व भर दिला नाहीं. १८९० च्या पुणें येथील औद्योगिक परिषदेंत, सेव्हिंग बँकेंतील ठेवींपैकीं कांहीं रक्कम स्थानिक मंडळांमार्फत उद्योगांस कर्जाऊ द्यावी, अशी व्यवहारी योजना त्यांनीं मांडली. सावकारास शिव्या देऊन कर्ज फिटत नाहीं, पतपुरवठ्याची दुसरी सोय हवी, हें त्यांचें धोरण आम्हांस पूर्ण मान्य आहे. मात्र लहान शेतकऱ्यांच्या जोडीस मोठ्या भांडवलवाल्या जमीनदारांचा वर्ग असावा, हें त्यांचें मत आम्हांस पटत नाहीं. जमीन ज्याच्या हातून निसटते, त्याच्या दाराशीं ह्या मताचा काय अर्थ होतो, हें त्यांच्यासारख्या दयाळू पुरुषानें अधिक तपासावयास हवें होतें.

१८९३ त ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले व १६ जानेवारी १९०१ रोजीं निवर्तले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ त आला. आणि १९३६ च्या डिसेंबरांत पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन आमच्या फैजपुरास भरलें, तेव्हां साऱ्याची सूट, कर्जाचें निवारण व सहकारी शेती हे विषय ठरावांत आले. रानड्यांनीं विचारलेला प्रश्न येथेंच येऊन पोंचला होता. उत्तर मात्र त्यांच्याहून निराळें होतें.