आहे त्यात भागवणारे दादासाहेब फाळके

भगिनींनो, हाताशी काय आहे आणि त्यात काय भागेल, हा हिशेब आपण स्वयंपाकघरात रोजच करतो. हाच हिशेब करून एका मराठी गृहस्थाने ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. ते चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई शिकलेले होते. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या पुराणातल्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, असे त्यांनी मनाशी ठरवले. घरात लहान मुले होती आणि मिळकत बेताची होती. तरी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, विद्या शिकले आणि कॅमेरा घेऊन परत आले.

आता भांडवल हवे होते. नुसत्या शब्दावर पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढेल तसतसे महिनाभर त्याचे थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तेच रोप बघता बघता वाढताना दिसले, तेव्हा पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला.

दादरच्या बंगल्यात काम सुरू झाले. विजेचे मोठे दिवे नव्हते, म्हणून सूर्यप्रकाशातच चित्रण चाले. तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळेना. शेवटी एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. रोहिदासाच्या कामाला तर घरचाच मुलगा भालचंद्र उभा राहिला. नाटक-सिनेमाचे नाव काढले की लोक नाके मुरडत, म्हणून हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगा, अशी त्यांनी मंडळींना शिकवण दिली होती.

एवढा मोठा बारदाना चालला तो घरच्या लक्ष्मीच्या जोरावर. सरस्वतीबाई ६०-७० माणसांचा स्वयंपाक करीत. दिवसा ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत. कोऱ्या फिल्मला कडेने भोके नसत. ती पाडायचे काम त्या रात्री अंधारात करीत. रसायने कालवायलाही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

पुढे नाशिकला त्यांनी पुष्कळ चित्रपट काढले. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंके यांनीच केली. पण बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, ते हलाखीतच. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

सरस्वतीबाईंच्या श्रमांची नोंद मात्र फार थोड्यांनी ठेवली. आपल्या मंडळातही कार्यक्रमाचा अहवाल लिहिताना व्यासपीठावरच्यांची नावे आपण आठवणीने घालतो आणि चहाची भांडी घासणारीचे राहून जाते. दादासाहेबांकडून उणिवेतून वाट काढायला शिकावे हे तर खरेच. पण त्या वाटेवर चादर धरून कोण उभे होते, तेही यंदाच्या अहवालात लिहायला विसरू नये, एवढीच माझी विनंती.